रस्ता आणि ट्रॅक या दोन्हींसाठी ब्रेक डिस्क कशी निवडावी: नाशिकच्या नवशिक्या चालकांसाठी

नाशिकहून मुंबईकडे निघालेली गाडी इगतपुरी सोडून घाट उतरू लागली, की कसाऱ्यापर्यंत ती सुमारे ३०० मीटर खाली येते. चालकाने गिअर न उतरवता ही सगळी उतरण केवळ ब्रेकवर पाय ठेवून पार केली, तर हवेचा आणि टायरचा रोध सोडून ब्रेकना जी ऊर्जा जिरवावी लागते, ती ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी तीच गाडी सुमारे साडेसात वेळा पूर्ण थांबवण्याइतकी भरते. गाडी लहान असो वा मोठी, हे प्रमाण बदलत नाही, कारण वजन दोन्ही बाजूंना सारखेच येते. रेस ट्रॅकवर एवढीच उष्णता दीड-दोन फेऱ्यांत तयार होते, आणि तिथे थांबायचे नसते; पुढची पंधरा मिनिटे तोच प्रकार पुन्हा पुन्हा करायचा असतो. फरक आणखी एक आहे. घाटात उष्णता सावकाश साचते, पण वेग कमी असल्याने डिस्कला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या आणि ब्रेक दाबल्यावर पॅडच्या चिमटीत सापडणाऱ्या चकतीला, वारा मिळत नाही. ट्रॅकवर ती झटक्यात येते, पण मधल्या सरळ पट्ट्यात वाराही भरपूर मिळतो.

हा लेख एकच गाडी आठवडाभर कामावर नेणाऱ्या आणि वर्षातून दोन-चार वेळा ट्रॅकवर किंवा ऑटोक्रॉसला (आखलेल्या छोट्या मार्गावरची, घड्याळाशी लावलेली शर्यत) उतरवणाऱ्यांसाठी आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: अशा दहापैकी आठ जणांना चांगल्या दर्जाची साधी, हवा खेळती असलेली डिस्क, योग्य पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल यांपेक्षा जास्त काही लागत नाही. भोके पाडलेल्या चकचकीत डिस्कवर जे पैसे जातात, त्यांपैकी बरेच अलॉय व्हीलच्या फटीतून दिसण्यासाठी खर्च होतात.

पायरी पहिली: गाडी नेमकी कुठे चालते, ते लिहून काढा

द्वारका चौकातून रोज जाणाऱ्या गाडीचे ब्रेक दिवसभरात शंभर वेळा लागतात, पण वेग ताशी तीस-चाळीस असल्याने डिस्क फारशी तापत नाही. तिला हवे असते ते थंड अवस्थेतही पहिल्याच दाबाला पकडणारे, आवाज न करणारे पॅड. समृद्धी महामार्गावर कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. वेग ८० वरून १२० झाला म्हणजे दीडपट झाला असे वाटते, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने ब्रेकवरचा भार सव्वादोनपट होतो. तरीही महामार्गावर एका जोरदार ब्रेकनंतर दुसरा सहसा लगेच लागत नाही, म्हणून कंपनीने दिलेली डिस्क तिथेही पुरते.

नांदुरीहून सप्तशृंगी गडावर नियमित जाणे असेल, किंवा माणसे आणि सामान भरून कसारा उतरणे नेहमीचे असेल, तर खरा उपाय डिस्क बदलणे हा नसून गिअर उतरवणे हा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम कारलाही तितकाच लागू पडतो.

ऑटोक्रॉसची गोष्ट वेगळी. नाशिकला रॅली आणि ऑटोक्रॉस यांची जुनी हौस आहे, ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ या भागात भरत आली आहे, आणि इथल्या बऱ्याच जणांचा स्पर्धेशी पहिला संबंध मातीवरच येतो. मातीवर टायरची पकड कमी, म्हणून ब्रेकही कमी तापतात. तिथे शत्रू आहे तो खडा. डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात लहानसा खडा अडकला, तर तो डिस्कवर कर्कश आवाज करत गोल चरा ओढतो. भोके असलेली डिस्क चिखलाने बुजते. मातीवर उतरणाऱ्याने साधी डिस्क ठेवावी आणि मागचा पत्रा काढून टाकण्याच्या भानगडीत पडू नये.

डांबरी ट्रॅकसाठी मात्र नाशिककराला लांब जावे लागते. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा आहे, कोइंबतूरजवळचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, तर ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटरचा असून त्याचा सर्वांत लांब सरळ पट्टा एक किलोमीटरहून अधिक आहे. हे आकडे निवडीच्या कामाचे आहेत. लहान ट्रॅकवर वेग कमी, पण वळणे लागोपाठ येतात आणि डिस्कला थंड व्हायला सवड मिळत नाही. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी एकच ब्रेक लागतो, पण तो फार मोठा असतो. आणि ज्या डिस्कवर फेऱ्या मारायच्या, त्याच डिस्कवर हजार किलोमीटरहून जास्त गाडी चालवत घरी यायचे असते. ट्रेलरवर गाडी नेणाऱ्यासाठी योग्य असलेला सल्ला आपल्याला लागू पडत नाही, तो याच कारणाने.

पायरी दुसरी: आहे ती डिस्क मोजा

नवीन घेण्याआधी जुनीचे चाक काढून पाहावे. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर ‘मिन टीएच’ अशी अक्षरे आणि पुढे मिलिमीटरमधला आकडा ओतलेला किंवा कोरलेला असतो. ती किमान जाडी. लहान गाड्यांच्या हवा खेळत्या डिस्कमध्ये नवी जाडी आणि किमान जाडी यांत साधारण दोन मिलिमीटरचेच अंतर असते. जाडी व्हर्नियरने मोजू नये. डिस्कच्या बाहेरच्या कडेला पॅड पोचत नाही, तिथे गंजाची वरंबी उरते, व्हर्नियरचे जबडे त्या वरंबीवर टेकतात आणि झिजलेली डिस्क नवी असल्यासारखा आकडा येतो. मायक्रोमीटरने, कडेपासून सेंटिमीटरभर आत, डिस्कभोवती आठ ठिकाणी मोजावे आणि आठही आकडे वहीत लिहावेत.

आठ कशासाठी? बहुतेक जण ‘डिस्क बेंड झाली’ म्हणून जी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये येतात, तीत डिस्क वाकलेली नसतेच. तिची जाडी फेऱ्यात कमी-जास्त झालेली असते, आणि हा फरक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका असला तरी ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरते. कधी पॅडचा थर एका ठिकाणी जास्त बसल्याने असे होते. बऱ्याचदा डिस्क हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या भागावर) किंचित तिरकी बसलेली असते, दर फेरीला तिचा एकच भाग पॅडला घासतो आणि काही हजार किलोमीटरनंतर तो भाग झिजून पातळ होतो. हा तिरकेपणा डायल गेजने, म्हणजे बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने, कळतो. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात टर्नर किंवा फिटर असलेला माणूस ज्याच्या ओळखीत नाही, असा नाशिककर विरळा. त्याच्याकडून रविवारी चुंबकी स्टँडसह डायल गेज मागून आणावा. डिस्क चाकाच्या नटांनी घट्ट आवळून, गेजचे टोक कडेपासून सेंटिमीटरभर आत टेकवून ती हाताने सावकाश फिरवावी. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत हलला तर उत्तम, ०.१ च्या पुढे गेला तर हब साफ करून, डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवून पुन्हा पाहावे.

लेथवर डिस्कला कट मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. किमान जाडीच्या वर पुरेसा ऐवज असेल आणि टर्नरने डिस्क हबच्याच तोंडावर धरून दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये घेतल्या, तर रस्त्यावरच्या गाडीला ती चालते. ट्रॅकसाठी मात्र कट मारलेली पातळ डिस्क वापरू नये. कारण पुढे येईल.

पायरी तिसरी: डिस्कआधी पॅड आणि ब्रेक ऑइल

ट्रॅकवर नवशिक्याचे ब्रेक जातात तेव्हा ते दोन प्रकारे जातात आणि दोन्हींत पायाला वेगळे कळते. पेडल घट्ट आहे, जीव खाऊन दाबतो आहोत, पण गाडी थांबत नाही, असे झाले तर पॅडने दम सोडलेला असतो: रोजच्या वापराचे पॅड साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे पकड गमावू लागतात. पेडल स्पंजासारखे होऊन खाली बसले, तर कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत. यांपैकी कोणत्याही प्रसंगी डिस्कला भोके असती तर वाचलो असतो, असे होत नाही.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ या श्रेणीच्या ऑइलचा नवेपणीचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश आहे, पण ३.७ टक्के पाणी शोषल्यावर तो १४० वर येतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. डॉट ५ हे नाव ५.१ सारखे दिसत असले तरी ते सिलिकॉनचे असते, बाकीच्यांत मिसळत नाही आणि आपल्या गाड्यांत ते कधीही भरू नये. दोन पावसाळे पाहिलेले ऑइल ट्रॅकवर नेणे म्हणजे उकळायला ठेवलेले पाणी नेण्यासारखेच आहे. ट्रॅकच्या आधीच्या आठवड्यात सीलबंद डब्यातले डॉट ४ किंवा ५.१ भरून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढून घ्यावी. अर्धा वापरून दुकानात उघडा राहिलेला डबा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

पॅडच्या पाठीवर किंवा कडेला छापलेल्या सांकेतिक ओळीच्या शेवटी बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरे असतात, ती घर्षणांकाची. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिले अक्षर साधारण तापमानाचे, दुसरे गरम अवस्थेचे. ‘एफई’ लिहिलेला पॅड गरम झाल्यावर पकड सोडतो, एवढे त्या दोन अक्षरांवरून दुकानातच कळते. निव्वळ रेसचे पॅड मात्र रस्त्यावर वापरू नयेत. ते ६०० अंशांवर झकास पकडतात. हिवाळ्यात पहाटे गंगापूर रोडवर कुत्रे आडवे आले, तर पहिल्या दाबाला मात्र ते जवळपास काहीच करत नाहीत, आणि थंड असताना डिस्क कानशीसारखी खातात. रस्ता आणि ट्रॅक या दोन्हींसाठी म्हणून विकले जाणारे मधल्या दर्जाचे पॅड घ्यावेत, किंवा दोन संच ठेवून ट्रॅकवर पोचल्यावर बदलावेत. एका चाकाला सरावाने पंधरा-वीस मिनिटे लागतात.

पायरी चौथी: डिस्कचा प्रकार

डिस्क म्हणजे तवा आहे, असे समजले की निम्मी निवड सोपी होते. पातळ तवा पटकन तापतो, भाकरी करपवतो. जाड बिडाचा तवा सावकाश तापतो आणि उष्णता धरून ठेवतो. ब्रेकची डिस्कही बिडाचीच, म्हणजे ग्रे कास्ट आयर्नची असते, कारण त्यातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते आणि थरथर जिरते.

आता थोडे गणित करू. चालकासह १,२०० किलोची गाडी ताशी १६० वरून ८० वर आणली, तर सुमारे ८९० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. पुढच्या दोन चाकांवर सत्तर टक्के भार धरला, तर पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला ३१० किलोज्यूल येतात. डिस्क ६ किलोची असेल तर या एका ब्रेकने तिचे सरासरी तापमान जवळपास ११० अंशांनी वाढते. ४ किलोची असेल तर १६० अंशांनी. वीस सेकंदांनी पुन्हा तेच. लोखंडाचा प्रत्येक ग्रॅम इथे कामाचा आहे, आणि कट मारलेली पातळ डिस्क ट्रॅकवर नेऊ नये, असे वर म्हटले ते याचसाठी.

एकसंध, मधे पोकळी नसलेली डिस्क लहान गाड्यांना किंवा मागच्या चाकांना असते. पुढच्या चाकांना ट्रॅकसाठी ती अपुरी. गाडीच्या वरच्या मॉडेलला त्याच कॅलिपरमध्ये बसणारी हवा खेळती डिस्क नसेल, तर अशा गाडीने ट्रॅकवर कमी फेऱ्या माराव्यात, हेच प्रामाणिक उत्तर आहे. हवा खेळत्या डिस्कमध्ये दोन चकत्यांच्या मधे पाती असतात. चाक फिरताना हवा मध्यातून आत ओढली जाऊन कडेने बाहेर फेकली जाते. सरळ पात्यांची डिस्क डावी-उजवी कुठेही चालते. वाकड्या पात्यांची डिस्क मात्र डावीची डावीकडेच बसवावी लागते. विहिरीवरच्या पंपाचा इम्पेलर खोलून पाहिला असेल, तर त्याची पाती बाहेर जाताना फिरण्याच्या उलट दिशेला, मागे झुकलेली असतात, डिस्कचेही तसेच. गॅरेजमध्ये पुष्कळदा वरच्या चरांचा तिरकेपणा पाहून बाजू ठरवतात, ते चूक आहे. कडेच्या फटीतून आत बॅटरी मारून पात्यांची दिशा पाहावी.

चर पाडलेल्या डिस्कवर पृष्ठभागावर तिरक्या रेघा खोदलेल्या असतात. त्या दर फेरीला पॅडचा वरचा करपलेला थर खरवडतात, पावसात पाण्याला आणि ट्रॅकवर भुकटीला वाट देतात. त्याची किंमत म्हणजे पॅड थोडे लवकर झिजतात आणि जोराच्या ब्रेकला घर्रर्र असा आवाज येतो. वर्षातून तीन-चारदा ट्रॅकवर जाणाऱ्याने हीच डिस्क घ्यावी, असे माझे मत आहे. त्याहून कमी जाणाऱ्याला साधी पुरे.

भोके पाडलेल्या डिस्कबद्दल मी निःपक्ष नाही. माझ्या पहिल्या ट्रॅक डेसाठी मी मोठ्या हौसेने तशी जोडी घेतली होती, ती ज्या दुकानातून घेतली त्याचे नाव घेण्यात अर्थ नाही. दुसऱ्या सत्रात ब्रेक दाबला की पेडलमध्ये टक-टक जाणवू लागले. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात त्या जागेत, चाक काढले, डिस्क हात लावण्याइतकी निवल्यावर फडक्याने पुसली, तेव्हा एका भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत केसाएवढी रेघ दिसली. नख फिरवले तर अडकत होते. भोकाची कड पातळ असते, ती आधी तापते आणि आधी निवते, आणि हे आकुंचन-प्रसरण शेकडो वेळा झाले की तडा तिथूनच सुरू होतो. त्यात भोकांपुरते लोखंडही कमी झालेले असते. पूर्वीच्या पॅडमधून तापल्यावर वायू निघत, त्यांना वाट म्हणून ही भोके आली. आजच्या पॅडमध्ये तो प्रश्न बराच कमी झाला आहे. पावसात पहिला दाब या डिस्कवर चांगला लागतो, हे मान्य करायला हवे. काही महागड्या गाड्यांना कंपनीतूनच ती येते, तिथे ती तशी अभिकल्पित असते. पण साध्या डिस्कला बाजारात ड्रिल मारून केलेली भोके रस्त्यावरही नकोत.

दोन भागांची डिस्क, म्हणजे बिडाची कडी आणि मधली ॲल्युमिनियमची टोपी, ही हलकी असते आणि तापल्यावर कडीला सरळ पसरू देते. ती उत्तम आहे. पहिल्या दोन वर्षांत तिची गरज नाही. कार्बन सिरॅमिकचा विचार ज्यांना करायचा आहे, त्यांना हा लेख लागत नाही.

पायरी पाचवी: आकार वाढवायचा का?

मोठ्या व्यासाची डिस्क लावली की ब्रेक ‘दुप्पट’ लागतात, हा समज सोडून द्यावा. गाडी शेवटी टायर थांबवतो. एबीएस जर आत्ताच लागत असेल, तर एका ब्रेकपुरती तुमची डिस्क पुरेशी आहे; मोठी डिस्क दहाव्या ब्रेकसाठी असते. शिवाय फक्त पुढची डिस्क मोठी केली तर पुढचा वाटा वाढतो, मागचे ब्रेक आळशी राहतात आणि थांबण्याचे अंतर प्रसंगी वाढतेसुद्धा. १४ इंची रिममध्ये मोठा कॅलिपर मावत नाही, म्हणून रिम, मग टायर, अशी खर्चाची साखळी लागते.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे फेरबदल करण्यास मनाई करते. मूळ मापाची, चांगल्या दर्जाची बदली डिस्क हा सुटा भाग झाला. मोठे कॅलिपर आणि डिस्क यांचा संच हा फेरबदल ठरू शकतो आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात तो प्रश्न पुढे येऊ शकतो.

पायरी सहावी: दुकानात

चॅसिस नंबर दाखवून पार्ट नंबर काढून घ्यावा. एकाच मॉडेलला वर्षानुसार वेगळी डिस्क असू शकते. नेहमी जोडी घ्यावी, एक डिस्क कधीही नाही. जुनी डिस्क सोबत नेऊन व्यास, उंची, मधले भोक आणि बोल्टची वर्तुळे ताडून पाहावीत.

नंतर दोन्ही डिस्क काट्यावर ठेवाव्यात. मूळ डिस्कपेक्षा नवी पाव-अर्धा किलोने हलकी निघाली, तर तिच्यात लोखंड वाचवले आहे, आणि ते कुठे हवे असते ते आपण वर पाहिलेच. कडेने पात्यांच्या पोकळीत डोकावून दोन्ही चकत्यांची जाडी सारखी आहे का ते पाहावे. ओतकामात गाभा सरकला असेल तर एक चकती जाड आणि एक पातळ येते, आणि अशी डिस्क तापल्यावर छत्रीसारखी एका बाजूला झुकते. कडेला थोडेसे लोखंड कापून काढल्याची खूण दिसली तर घाबरू नये, तो तोल साधण्यासाठीचा काप असतो. ‘मिन टीएच’ आणि उत्पादकाची खूण कुठेच नसलेली डिस्क परत ठेवावी. तिची किंमत कितीही कमी असो.

पायरी सातवी: बसवताना

बसवण्याची चूक डिस्कच्या चुकीपेक्षा जास्त सापडते, म्हणून मेकॅनिकच्या शेजारी उभे राहावे. त्याला अप्पा म्हणा, भाऊ म्हणा, चहा सांगा, पण हबचे तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासल्याशिवाय डिस्क चढवू देऊ नका. हबवर उरलेला गंजाचा एक पापुद्रा, जो बोटाला जेमतेम जाणवतो, डिस्कच्या कडेला वाढून येतो. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने आणि स्वच्छ कापडाने पूर्ण पुसावे. पेट्रोलचा बोळा फिरवून भागत नाही, मागे थर उरतो. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना काढून, साफ करून, ब्रेकसाठीच असलेले ग्रीस लावावे. ज्या गाडीची पिन अडकलेली असते, तिचा एकच पॅड झिजतो आणि दोष मात्र डिस्कला मिळतो.

चाकाचे नट आधी हाताने, मग समोरासमोर आळीपाळीने, आणि शेवटी टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला आवळावेत. नवीन डिस्क घालून महिना झाला नाही तोच पंक्चर काढायला गेलो आणि तिथल्या पोराने एअर गनने पाचही नट एका दमात ठोकले. दोन-तीन हजार किलोमीटरने स्टेअरिंग थरथरू लागले. तेव्हापासून टॉर्क रेंच डिकीत असतो.

पायरी आठवी: पॅड आणि डिस्क यांची ओळख करून देणे

नवी डिस्क आणि नवे पॅड पहिल्याच दिवशी पूर्ण पकडत नाहीत. पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसावा लागतो. पॅडच्या उत्पादकाने पद्धत दिली असेल तर तीच पाळावी. नसेल तर पहाटे, मागे-पुढे कोणी नाही अशा सरळ, मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करावा, दोन ब्रेकमध्ये अर्धा मिनिट चालू द्यावे. या काळात गाडी पूर्ण थांबवू नये, कारण थांबलेला गरम पॅड डिस्कवर आपला ठसा सोडतो आणि थरथर तिथूनच सुरू होते. शेवटी दहा मिनिटे ब्रेक न लावता चालवून निववावी. हे काम महामार्गावर करू नये. आणि सार्वजनिक रस्त्यावर वेगाच्या चाचण्या किंवा शर्यत लावणे कलम १८९ खाली गुन्हा आहे, हे सोबतच्या मित्रांनाही सांगून ठेवावे.

डिस्कचा रंग सगळीकडे सारखा राखाडी-निळसर दिसू लागला, की थर बसला.

पायरी नववी: ट्रॅकवर आणि परतताना

पहिल्या दिवशी एका वेळी पाच-सहा फेऱ्याच माराव्यात. शेवटची फेरी ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, सावकाश मारावी. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावावी, आणि कोणी उत्साहाने चाकांवर पाणी मारू लागला तर त्याला थांबवावे. हीच खबरदारी घाट उतरून थेट वॉशिंग सेंटरवर जाणाऱ्यांनीही घ्यावी. तापलेल्या बिडावर थंड पाणी पडले की चर्रर्र आवाज येतो, तो ऐकायला बरा वाटला तरी डिस्कला तडा देणारा असतो.

डिस्क किती तापली, हे अंदाजाने बोलण्यापेक्षा तापमानाचे रंग कडेला लावून पाहता येते. सर्वसाधारणपणे मिळणाऱ्या संचात हिरवा रंग ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला रंग बदलतो. हिरवा उडाला आणि नारिंगी तसाच राहिला, तर आपला मधल्या दर्जाचा पॅड योग्य आहे. तिन्ही उडाले, तर पुढच्या वेळी जास्त तापमानाचा पॅड आणि डिस्कला हवा नेणारा पाइप यांचा विचार करावा, किंवा फेऱ्या कमी कराव्यात. सुमारे ६५० अंशांच्या पुढे पॅड एका ठिकाणी चिकटून बसला, तर त्या जागी बीड कठीण होते, आणि तो डाग लेथवर कट मारूनही पूर्ण जात नाही.

परत निघण्यापूर्वी चाके काढून डिस्क निवल्यावर पाहावी. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतील. त्या नखाला लागत नसतील तर हरकत नाही. नख अडकले, किंवा एखादी रेघ बाहेरच्या कडेपर्यंत पोचली, तर त्या डिस्कवर पुणे-नाशिक रस्त्याचा चंदनापुरी घाट उतरायचा नाही; म्हणून लांबच्या ट्रॅकला जाताना जुनी, मापात असलेली डिस्कची जोडी आणि पॅडचा रस्त्याचा संच डिकीत टाकलेला असावा. ट्रॅकचे पॅड काढून रस्त्याचे घातले, तर पहिले काही ब्रेक अंतर ठेवूनच लावावेत. घरी आल्यावर ब्रेकची हवा काढून थोडे ताजे ऑइल भरावे, पुन्हा मायक्रोमीटर घ्यावा, त्याच आठ ठिकाणी मोजावे आणि आकडे तारखेसह त्याच वहीत आधीच्या आकड्यांशेजारी लिहावेत.